साडेआठ गाणी

माणसाचं बोलणं शेवटापर्यंत ऐकून घेणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो सिनेमाच्या थेटरात ऑपरेटर होता. दस्तगीर शिकलगार. अख्ख्या पेठेचे दस्तगीरमामा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलो, तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली मला भाड्याने मिळाली आणि खोलीबरोबर मामाही मिळाले.

कुणी बोलत असेल तर त्याला मधे तोडायचं नाही, हा मामांचा नियम. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक निवृत्त तलाठी राहायचे. नोकरीत असताना मोजलेल्या प्रत्येक बांधाची गोष्ट त्यांना पाठ होती. ते दिसले की लोक वाट बदलायचे, मीसुद्धा. मामा मात्र ओट्यावर बसून बांधावर बांध ऐकत राहायचे. चहा गार व्हायचा, मामी आतून भांडी आपटायच्या, तरी हे हलायचे नाहीत. एकदा न राहवून मी म्हटलं, "मामा, काहीतरी कारण काढून उठत का नाही तुम्ही?"

"आवं मास्तर, रीळ चालू असताना मशीन बंद करत न्हाईत. पब्लिक काय म्हनंल?"

"पण इथे पब्लिक आहे कुठे?"

"तलाठी हाय की! त्यो सोताच बोलतोय आन सोताच ऐकतोय. त्याचा खेळ कशाला मोडायचा?"

मामा अंगाने काटकुळे, अंगात कायम खाकी शर्ट, आणि मान डावीकडे कललेली. पंचवीसेक वर्षं केबिनच्या भिंतीतल्या चौकोनी भोकातून पडद्याकडे बघून ती तशीच बसली होती. भोक मशीनच्या एका अंगाला, त्यामुळे सरळ उभं राहून बघायची सोयच नव्हती. लग्नातल्या फोटोत मान सरळ आहे, त्यानंतरच्या एकाही फोटोत नाही. ते कुणाकडे बघू लागले की नवख्या माणसाला वाटायचं, आपल्यावर संशय घेतायत.

सगळ्या गोष्टी ते रिळांत मोजायचे. साताऱ्याहून कोरेगाव म्हणजे दोन रिळं. मामींचा राग म्हणजे कधी अर्धं रीळ, कधी पूर्ण सिनेमा. त्यांच्या लग्नाबद्दल मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पयलं रीळ मुकं हुतं. दुसऱ्या रिळापास्नं आवाज आला, त्यो अजून चालू हाय."

"आन इंटरवल कवा हुनार त्ये बी सांगा मास्तरांना," आतून मामींचा आवाज आला.

मामांचं थेटर म्हणजे पेठेतलं 'जुनं थेटर'. त्याला एक रीतसर नाव होतं, पण ते फक्त तिकिटावर वाचायला मिळे. त्या काळी गावोगावच्या ऑपरेटरांकडे एक कात्री असायची. फिल्म तुटली की जोडायला ती लागेच. पण सणासुदीला एक खेळ जास्त बसवायचा असला की हीच कात्री एखाद्या गाण्यावर फिरायची. पब्लिकला ते बरोबर कळायचं. शिट्ट्या व्हायच्या, खुर्च्या वाजायच्या आणि ऑपरेटरच्या नावाने 'काप्याऽऽ' अशी आरोळी उठायची. काप्या ही ऑपरेटराला द्यायची सगळ्यात वाईट शिवी. आईबहिणीवरची परवडली.

मामांना ही शिवी साताऱ्यात कधी पडली नव्हती. फिल्म तुटली आणि जोडताना दोन-चार चौकटी कापाव्या लागल्या, तर ते तुकडे ते पाकिटात घालून रिळाच्या डब्यात परत पाठवायचे. वर लिहायचे, 'तुकडे ज्याचे त्याला.' मुंबईत ते पाकीट उघडून कोण काय करत असेल देव जाणे. शेजारच्या एका लग्नात व्हिडिओवाल्याने नवरीच्या आजीचं रडणं फार लांबलं म्हणून कॅसेटमधून काढून टाकलं, तर मामांनी भर मांडवात त्याची हजेरी घेतली. "म्हातारी रडली किती आन तू दावतूयास किती? तिचं रडनं काय तुझ्या बाचं हाय व्हय रं?" आजीला स्वतःला त्यात काहीच वाटलं नव्हतं.

अशा माणसाच्या वाट्याला ते गाण्यांचं प्रकरण आलं.

त्या वर्षी गणपतीच्या आधी गावात एक इंग्रजी कॅसेट आली. एका अमेरिकन सिनेमाची गाणी. सिनेमा एका मुखवटेवाल्या वीराचा: अंधार पडला की पाठीला काळं कापड बांधतो, शहरातल्या गच्च्यांवरून उड्या मारतो आणि गुंडांना बदडून काढतो. गाणी तिकडच्या एका फार गाजलेल्या गायकाने केलेली. कॅसेटच्या वेष्टनावर त्याचा फोटो होता, कुरळे केस, एका कानात लोंबता डूल. मामांनी त्याचं नाव 'डूलवाला' ठेवलं आणि सिनेमातल्या वीराचं 'घोंगडीवाला'. पुढे सगळं गाव हीच नावं वापरू लागलं.

शब्द कुणाला कळत नव्हते, आणि खरं सांगायचं तर पुष्कळसे मलाही कळत नव्हते. पण ठेका असा की पाय आपोआप हलावेत. आमच्या पेठेतल्या मंडळाचा अध्यक्ष संपत हा लेझमीचा वस्ताद. त्याने त्या ठेक्यावर लेझीम बसवली. विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढे गणपती, मागे साठ पोरं, आणि कर्ण्यातून डूलवाला. लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बघत उभे. त्यानंतर ते गाणं वरातीत वाजलं, बारशाला वाजलं, एका दुकानाच्या उद्घाटनाला वाजलं. सिनेमा अजून मुंबई-पुण्यातच होता, पण साताऱ्यात त्याची गाणी जुनी व्हायला आली होती.

होळीच्या सुमारास एकदाचा सिनेमा आला. पेंटरने रंगवलेल्या बोर्डावर घोंगडीवाल्याला चांगली पिळदार मिशी होती. पहिल्या खेळाला लेझमीचं अख्खं पथक पुढच्या रांगांत येऊन बसलं. काही जणांनी लेझमीही आणल्या होत्या. मामांच्या जेवणाचा डबा पोचवायचं काम रविवारी माझ्याकडे असे, म्हणून मी वर केबिनमध्ये होतो.

सिनेमा सुरू झाला. घोंगडीवाला गच्चीवर उभा राहिला. व्हायोलिनं वाजली. गुंड मेले. पुन्हा व्हायोलिनं. अर्धा तास झाला तरी गाणं नाही. खालून आवाज यायला लागले, "गानं लावा की रं!" मग एका मेजवानीच्या प्रसंगात, बोलण्याच्या मागे, लेझमीचं ते गाणं अर्धा मिनिट बारीक आवाजात वाजलं आणि नाहीसं झालं.

तिथेच घात झाला. गाणं मुळीच नसतं तर लोकांनी गायकाला शिव्या दिल्या असत्या. पण अर्धं गाणं वाजलं आणि गेलं, याचा अर्थ साताऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता.

"काप्याऽऽ!"

मी मामांकडे बघितलं.  मशीनच्या दिव्यात घालायला घेतलेला कार्बनचा तुकडा त्यांच्या हातात तसाच राहिला होता. इंटरव्हल झाल्याबरोबर जिन्यावर पावलं वाजू लागली, तसं मामांनी स्वतःच दार उघडलं. "समद्यांनी नगं. एकानं वर या आन डोळ्यानं बघा."

संपत वर आला. मामांनी त्याला एकेक रीळ दाखवलं, डबे दाखवले, पाकीट दाखवलं. पाकीट रिकामं होतं. संपतने सगळं शांतपणे बघितलं आणि मग हिशेब मांडला, "मामा, तुमच्यावर इस्वास हाय. पर कॅशेटीत गानी नऊ. पिक्चरात निगालं अर्धं. मग साडेआठ गेली कुटं?"

 मामांनी माझ्याकडे बघितलं. मी कॅसेटचं वेष्टन मागवून त्यातला बारीक मजकूर वाचला आणि समजावून सांगितलं: सगळी गाणी सिनेमात नाहीतच. एक-दोन तुकडे सिनेमात आहेत, बाकीची गायकाला सिनेमावरून सुचली आहेत.

"सुचली?" मामा म्हणाले. "मलाबी लय काय काय सुचतं, मास्तर. त्याची कोन कॅशेट काडतं का? आन गानी केली तर वापरायची न्हाईत? जेवान करून झाकून ठेवायचं?"

संपत खाली गेला. त्याने खालच्यांना माझं म्हणणं सांगितलं असावं, कारण मोठा हशा झाला. इंग्रजीचा मास्तर भाडेकरू असल्यावर घरमालकाच्या बाजूनेच बोलणार, असं गावाचं मत पडलं.

त्या दिवशी मामा घरी आले ते न जेवताच ओट्यावर बसले. तलाठी ओट्यावर बसून एक बांध पुरा सांगून गेले, मामांनी हूं म्हटलं नाही. शेवटी मामींनीच मला खाली बोलावून सगळं सांगितलं. मामा सतरा वर्षांपूर्वी सांगलीत ऑपरेटर होते. दिवाळीत एक खेळ वाढवायचा म्हणून मालकाने त्यांना एक गाणं कापायला लावलं. नेमकं तेच गाणं बघायला गावं लोटली होती. लोक खवळले, तेव्हा मालकाने पायरीवर उभं राहून सांगितलं, ऑपरेटरने परस्पर कापलं. मामा शेजारीच उभे होते. बोलायला तोंड उघडलं, पण मालक बोलत राहिले, लोक ओरडत राहिले आणि मामांचं बोलणं कुणी ऐकूनच घेतलं नाही. तिथून सांगलीत पोरं त्यांच्या मागे 'काप्या' म्हणून धावायला लागली. महिन्याभरात त्यांनी बिऱ्हाड साताऱ्याला हलवलं.

"तवापास्नं कुनी बोलाय लागलं की ह्ये थांबवीत न्हाईत," मामी म्हणाल्या. "मला ताप झालाय नुसता." असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. मला तलाठ्यांना टाळल्याची त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

सोमवारपासून मामांचं काहीतरी वेगळंच सुरू झालं. सकाळी थेटर रिकामं असताना ते एकेक रीळ चालवून बघू लागले. खेळाच्या आधी आणि इंटरव्हलला गाणी वाजवायला केबिनमध्ये एक टेपरेकॉर्डर होता, तो सिनेमाच्याच स्पीकरला जोडलेला. एक खटका फिरवला की सिनेमाचा आवाज बंद आणि टेपचा सुरू. मामांच्या एका हातात खटका, दुसऱ्या हातात पेन्सिल. ती कॅसेटच्या दातेरी चाकात घालून, फिरवून ते गाणं नेमकं सुरुवातीला आणून ठेवायचे. घोंगडीवाला गच्चीवरून उडी मारतो तिथपर्यंत मनात आकडे मोजायचे आणि खटका. कधी ढोल आधी, उडी नंतर. कधी उडी मारून तो घरी पोचला तरी ढोल नाही. चार सकाळी हा सराव चालला. मी रोज जाऊन बघत होतो.

पुढच्या रविवारी दुपारी बाराचा खेळ. लोक निम्मेच होते, तेही गोंधळ घालायच्या तयारीने आलेले. घोंगडीवाला गच्चीच्या कडेला आला. मामांनी ओठ हलवत आकडे मोजले. त्याने अंग हवेत झोकलं आणि त्याच क्षणी सगळ्या थेटरात डूलवाल्याचा ढोल कडाडला.

 खाली जो गलका झाला तसला मी पुन्हा ऐकला नाही. घोंगडीवाला गुंडांना ठेक्यावर बदडत होता आणि मधल्या वाटेवर लेझीम सुरू झाली होती. डोअरकीपर बॅटरी घेऊन धावला तो पोरांना थांबवायला. पण दोन मिनिटांनी बघतो तर बॅटरी नाचवत तोच पुढे. गाणं संपलं तसे लोक वळून केबिनच्या भोकाकडे बघून ओरडले, "वन्स मोऽऽर!" मामांनी रीळ मागे घेतलं आणि घोंगडीवाल्याला पुन्हा गच्चीवरून उडवलं.

एक गाणं घालायला गेले आणि मग हात सुटला. आठवड्याभरात चार गाणी झाली. एकदा चूकही झाली. खलनायक उंचावरून पडून मरतो तिथे मामांनी नजरचुकीने प्रेमाचं हळुवार गाणं लावलं. लोक इतके हळहळले की मागून एक बाई म्हणाली, "मारायला नगं हुतं बिचाऱ्याला." दुसऱ्या दिवशी गाणं बदललं आणि खलनायक पूर्वीसारखा निर्लज्जपणे मेला.

मी एकदा त्यांना छेडलं. "मामा, दोन चौकटी कापल्या तर पाकिटातून परत पाठवता, आणि इथे चार गाणी घातलीत. ही ढवळाढवळ नाही का?"

त्यांनी मान आणखी थोडी कलती केली. "कापनं ही चोरी, मास्तर. घालनं म्हंजे आहेर. आहेर नगं म्हननारा पावना दावा मला." 

सिनेमा पाच आठवडे चालला, आणि शेवटच्या खेळाला लोकांनी केबिनच्या दाराला हार घातला. डबे पुढच्या गावांना गेले. आम्हाला वाटलं, झालं, संपलं.

मे महिन्यात सांगलीहून एक माणूस आला. हो, त्याच थेटराचा. ओट्यावर बसून त्याने घाम पुसला आणि आपली कर्मकथा सुरू केली. सिनेमा आता त्यांच्याकडे लागला होता. पण सांगलीची अर्धी सोयरीक साताऱ्याकडची. जे इकडे लग्नाला येऊन सिनेमा बघून गेले होते त्यांनी तिकडे सांगितलं की साताऱ्याला पिक्चरमध्ये चार गाणी होती, शिवाय वन्समोअर. सांगलीत एकही नाही. झालं! तीन दिवस खुर्च्या मोडत होत्या आणि ऑपरेटरच्या नावाने आरोळ्या उठत होत्या.

"मालकांनी इनंती केलीया. एक डाव या."

मामांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. अगदी शेवटापर्यंत. मग म्हणाले, "त्या पायरीवर मी पाय ठेवनार न्हाई."

माणूस उठला. तेवढ्यात मामी दारात आल्या. "आवं, आरोळ्या कुनाच्या नावानं मारत्यात?"

"ऑपरेटरच्या," तो म्हणाला. "नवीनच हाय. पाटण तालुक्यातला. बिचाऱ्यानं कात्री हातात बी घेतली न्हाई. दोन दिस झालं, मागच्या दारानं घरला जातोय."

मामी मामांकडे बघत राहिल्या. "त्यो बी कुनाचा तरी नवरा असंल की," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

 मामा उठले, कॅसेट आणि पेन्सिल शर्टाच्या खिशात घातली. त्याच सुमाराला मला सोलापूरकडे नवी नोकरी मिळाली होती आणि माझी गाडी मिरजेहून होती. म्हणून ट्रंक घेऊन मीही त्यांच्याबरोबर सांगलीच्या एसटीत बसलो. कराड गेलं तरी मामांची बोटं गुडघ्यावर आकडे मोजत होती. इस्लामपूरच्या पुढे एकदम म्हणाले, "उडीच्या आदी एकोनीस आकडे. अठरा न्हाई."

दुपारी तीनच्या खेळाला थेटर गच्च भरलं होतं, आणि सगळेच भांडायला आलेले दिसत होते. मामा पायरीशी आले. क्षणभर थांबले. मग खाली बघत भराभर जिना चढून केबिनमध्ये गेले. आत तो नवा ऑपरेटर भिंतीला चिकटून उभा होता. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तू मशीन बघ. तुझं नाव मी बघतो."

घोंगडीवाला गच्चीच्या कडेला आला. एकोणीस आकडे झाले. ढोल कडाडला आणि सांगलीने छप्पर डोक्यावर घेतलं. खाली चुरमुऱ्यांच्या पुड्या हवेत उडाल्या. तो नवा ऑपरेटर लहान मुलासारखा हसायला लागला.

एवढ्यात दार उघडलं. मालक. सत्तरी उलटलेले, हातात काठी, जिना चढून धाप लागलेली. केबिनमध्ये ते आयुष्यात पहिल्यांदाच आले होते, असं मागाहून कळलं. ते मामांसमोर उभे राहिले. 

"दस्तगीर," ते म्हणाले, "तवाचं त्ये... पायरीवर मी जे बोललो... इंटरवलला मी माइकवरनं समद्या सांगलीला सांगतो, की कापाय मीच—"

मामांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या मालक. तुमचं बोलनं मला पाठ हाय. सतरा वर्सं रोज ऐकतोय." मग त्यांनी दुसऱ्या मशीनजवळच्या भोकाकडे बोट दाखवलं. "गानं चालूय. ऐका."

 काठी टेकत मालक त्या भोकाशी गेले आणि वाकून बघू लागले.

माझी वेळ झाली होती. ट्रंक उचलून मी दारातून वळून बघितलं. दोन भोकांशी दोन म्हातारे, दोघांच्याही माना डावीकडे कललेल्या, आणि खाली सगळी सांगली नाचत होती.  जिना उतरताना माझ्या लक्षात आलं, की तलाठ्यांचा प्रत्येक बांध शेवटापर्यंत ऐकणाऱ्या दस्तगीरमामांनी आज कुणाचं तरी बोलणं मधेच कापलं होतं.